नीरगड्डीचा नकाशा

रेवा आणि अर्जुन,

हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे. इंग्रजी तुम्हाला सोपं गेलं असतं आणि मलाही जड नव्हतं, माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं. पण यातलं बरंचसं मी पन्नास वर्षांपूर्वी एकदा इंग्रजीत लिहून दिलेलं आहे, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. त्याचं पुढे काय झालं तेच सांगायचं आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

आत्ताच का, तेही सांगते. परवा अर्जुनचा फोन आला. सुट्टीतल्या कामावर तो तुमच्या तिकडे परदेशात एका दलदलीत झाडं मोजतो आहे आणि त्याला एक दुर्मीळ फूल सापडलं आहे. त्या भागात कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं म्हणाला. त्यानं फोटो सगळ्या जगाला दिसेल असा टाकला आणि मलाही पाठवला. फोटोखाली जागेचे अक्षांश-रेखांश होते, दशांश चिन्हापुढे पाच आकड्यांपर्यंत. मी छान म्हटलं आणि फोन ठेवला. मग चहाचं आधण ठेवायला गेले आणि भांडं ओट्यावर आपटलं. राग आला की मी भांडी आपटते, तुमच्या आईला माहीत आहे.

अर्जुन, राग तुझ्यावर नव्हता. निदान सगळा नव्हता.

बाहेर हस्ताचा पाऊस चालू आहे. आपल्या सोलापूरला खरा पाऊस हाच, जून-जुलैमधला नुसता हजेरी लावून जातो. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीखाली घोटाभर पाणी साचलं आहे आणि सोसायटीचे लोक स्कूटरी पायरीवर चढवून पंप कुठे मिळेल याची चर्चा करताहेत. साचलेलं पाणी दिसलं की बाकीच्यांना डास आठवतात. मला चौकट आठवते.

ती चौकट बाभळीच्या पट्ट्यांची होती, मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद, सात रस्त्याजवळच्या एका सुतारानं करून दिलेली. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं ते वर्ष. वनस्पतिशास्त्र घेऊन मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि एका पाहणी योजनेत क्षेत्र सहायक म्हणून लागले होते. काम असं: जिल्ह्यातल्या पाणथळ जागांवर कोणती झाडं टिकून आहेत आणि कोणती कमी होताहेत, ते दर पंधरवड्याला जाऊन मोजायचं. चिखलात खुंट्या ठोकायच्या, खुंटीला चौकट टेकवायची, आतलं झाड अन् झाड मोजून रजिस्टरात लिहायचं. ऑफिसची जीप होती, पण ती साहेब यायचे तेव्हाच निघायची. एरवी मी, एसटी आणि चौकट. कंडक्टर ठरलेला. दर खेपेला तिकीट फाडताना विचारायचा, "बाई, खिडकी बसली का न्हाय अजून?" आणि अख्खी गाडी हसायची.

अक्कलकोटच्या अंगाला एका माळावर ते तळं होतं. तळं म्हणायचं ते उगीच. मुरमाच्या खोलगट बशीत पावसाचं पाणी साचायचं, भरलं तरी गुडघ्याच्या वर नाही. भाद्रपदात भरायचं आणि संक्रांतीपर्यंत आटून त्याच्या चिखलाला भेगा पडायच्या. आदल्या तीन वर्षांत ते एकदाही नीट भरलं नव्हतं. त्या वर्षी भरलं. मी पदर खोचून, वडिलांचे जुने कॅनव्हासचे बूट घालून पहिल्यांदा उतरले, तेव्हा पाणी वर कोमट आणि तळाशी गार होतं. म्हशींचा, शेवाळाचा, तापून भिजलेल्या मुरमाचा असा एकत्र वास होता. टिबुकल्या, म्हणजे बारकी पाणपाखरं, बुड्या मारत होत्या. आणि मधल्या भागात, वितीहून कमी अंतरावर एकेक, बोटाएवढे पांढरट तुरे पाण्याच्या वर उभे होते. दुपार चढली की त्यांना ओल्या तांदळासारखा वास यायचा. मला शिकवलेल्या कुठल्याच पुस्तकात ते झाड नव्हतं.

गावात माझं नाव मोजणीबाई पडलं. खुंट्या आणि दोरी घेऊन कुणी आलं की जमीन जाते, एवढं त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पहिले दोन पंधरवडे माझ्याशी कुणी बोललंच नाही. बोलली ती गौरव्वा. पन्नाशीची, कपाळभर विभूती, तीन म्हशी घेऊन तळ्यावर यायची. घरात कानडी आणि माझ्याशी मराठी. मी पाण्यात वाकून मोजतेय आणि ही काठावरून बघतेय, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं की हे मोजून सरकारला काय मिळतं. मी सांगितलं, झाडं कमी होताहेत का ते कळतं. त्यावर ती म्हणाली, ते तर मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं की. बूट कशाला भिजवलेस.

त्या झाडाला ती नीरगड्डी म्हणायची. नीर म्हणजे पाणी, गड्डी म्हणजे कंद. चिखलात सुपारीएवढा कंद असतो, तो खातात. दुष्काळात या कंदांनी बरीच घरं तगली होती, हे तिनं लपवलं नाही. तळं कोरडं पडलं तेव्हा बायकांनी कुदळीनं भेगाळ चिखल फोडून कंद काढले. पण पेराएवढा बारीक कंद हाती आला तर तो परत टाकून टाचेनं दाबायचा. पोटात आग असली तरी दाबायचा. आणि चांगल्या वर्षी मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या आधी एकही कंद काढायचा नाही. का, तर तोवर तुरा मान टाकून पाण्याखाली जातो, त्याचं बी चिखलात उतरतं. अमावस्येला शेतात भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्यांची आणि दाण्यांची मिसळ, शिजते, तिच्यात मूठभर नीरगड्डी पडते, आणि मग ज्याला हवं त्यानं काढावं.

मी हे सगळं रजिस्टरात लिहिलं नाही. रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता.

रकाने होते त्यांत मात्र मी सगळं लिहिलं. तळ्याच्या ईशान्येला एक पांढरा धोंडा होता, तिथून प्रत्येक खुंटी किती पावलांवर ते मोजलं, पावलाची लांबी टेपनं तपासली. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं नकाशा काढला. उत्तरेचा बाण, खाली मोजपट्टी, कोपऱ्यात खुणांची सूची, आणि नीरगड्डी जिथे जिथे होती तिथे बारीक गोल टिंबं. एसटीचा थांबा कुठला, तिथून पाऊलवाट कशी जाते, तेही दाखवलं. सोबत एक रोप दाबकागदात घालून दिलं. साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि बराच वेळ बघत राहिले. इतका स्वच्छ नकाशा या ऑफिसात आजवर कुणी काढला नाही म्हणाले. मी त्या संध्याकाळी घरी चालत गेले, रिक्षा केली नाही. आनंद रिक्षात मावला नसता.

अजून तो नकाशा मी डोळे मिटून काढू शकते. त्याची शरम वाटते.

साहेबांनी त्याच्या अमोनिया प्रिंट काढल्या. निळ्या रेघांच्या, उग्र वासाच्या. एकेक प्रिंट ओळखीच्या प्राध्यापकांकडे, दुसऱ्या शहरांतल्या संग्रहांकडे गेली. दसऱ्यानंतर माणसं येऊ लागली. त्या दिवसांत मात्र जीप रोज निघायची.

तुम्हाला आता नमुना कसा घेतात ते सांगितलं पाहिजे, नाहीतर मी कशावर चिडले आहे ते कळणार नाही. वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडाला किंमत केव्हा, तर त्याचं पान, फूल आणि जमिनीखालचा भाग असं सगळं एका कागदावर असेल तेव्हा. फूल हवं म्हणजे झाड फुलावर असताना घ्यायचं. कंद हवा म्हणजे समूळ घ्यायचं. बी धरायच्या आधी, मुळासकट. गौरव्वाच्या गावानं जे करायचं नाही म्हणून ठरवलं होतं, नेमकं तेच आमच्या शास्त्रात बरोबर होतं. शिवाय एक नमुना कुणालाच पुरत नाही. एक आपल्याला, दोन मोठ्या संग्रहांना, चार अदलाबदलीला, न जाणो म्हणून आणखी दोन. आणि एक प्राध्यापक तर वर्गच घेऊन आले. मुलांना परीक्षेला नमुन्यांची वही द्यावी लागायची, दुर्मीळ झाड असलं की परीक्षक खूष. पंचवीस-तीस मुलं पॅन्ट दुमडून पाण्यात उतरली. हसत होती, एकमेकांवर पाणी उडवत होती. चांगली मुलं होती. त्यांना खुंट्यांवरून वाट मीच दाखवली. खुरपं कसं तिरकं घालायचं म्हणजे कंद तुटत नाही, तेही मीच दाखवलं.

पंधरवड्याला चौकट टाकायचं माझं काम चालूच होतं. आधी चौकटीत चाळीसच्या आसपास झाडं असायची. मग नऊ. मग चौकटीत नुसतं गढूळ पाणी आणि त्यात माझ्या बुटांचे ठसे.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, नमुने घेणं थांबवा, निदान वेळ अमावस्येपर्यंत, बी पडू द्या. साहेब हसले. गावातल्या बाईच्या सणावर पाहणी चालवायची का, असं त्यांनी विचारलं, वाईट बोलून नव्हे, गमतीनं. मी आकडे दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले, कारण साहेब आकडे नीट पाहायचे. आणि मग जे म्हणाले ते मी आजवर विसरले नाही.

"अहो बाई, नाहीसंच होणार असेल तर निदान कागदावर तरी राहायला हवं ना."

साहेब वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. इतर ठिकाणी मुलगी म्हणून मला अर्जाचा कागदही देत नव्हते, यांनी नोकरी दिली. उन्हात फिरते म्हणून स्वतःची सोला टोपी देऊ केली. रोपाला पाणी घालावं तसं ते नमुन्यांना जपायचे. त्यांच्या डोळ्यांसमोर झाड संपत होतं आणि ते शांत होते, कारण त्यांच्या कपाटात ते होतं. या शांतपणाचा मला आज जास्त राग येतो. तेव्हा मी काय केलं? मान डोलावली आणि बाहेर येऊन रजिस्टरात तारीख टाकली.

दिवाळी झाल्यावर गौरव्वा तळ्यावर भेटली. आजारपणामुळे ती महिनाभर आली नव्हती. पाणी बरंच उतरलं होतं आणि चिखलात खड्डेच खड्डे उघडे पडले होते. ती काठावर उभी राहून बघत राहिली.

"डुकरं शिरली व्हती का गं?" तिनं विचारलं.

रानडुकरं चिखल उकरतात, तिला तेच वाटलं. मला हो म्हणता आलं असतं. कुणाला कळलं नसतं.

"नाही मावशी, आम्हीच," मी म्हटलं.

तिनं एका खड्ड्यात हात घालून चाचपलं, दुसऱ्यात चाचपलं, हात म्हशीच्या पाठीला पुसला.

"डुकरं बी बारकी ठिवत्यात की."

एवढंच म्हणाली. ओरडली असती तर मला सोसलं असतं. मी त्या दुपारी सगळ्या खुंट्या उपटल्या. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या नोकरीतलं वरिष्ठांना न विचारता केलेलं ते पहिलं काम. गौरव्वा बघत होती. शेवटची खुंटी निघेना, तेव्हा पाण्यात उतरून तिनंही हात लावला.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा आदेश आला: हे झाड आसपासच्या आणखी कुठल्या तळ्यात आहे का ते पाणी आटायच्या आत शोधावं, जागा नकाशावर दाखवावी. मी सहा तळी पाहिली, काही नव्हतं. सातव्या तळ्याचा विषय गौरव्वानंच काढला. तिची लेक शांतव्वा राज्याच्या हद्दीजवळच्या गावात दिली होती, तिथल्या तळ्याला पाणी जास्त दिवस टिकायचं. पण सांगण्याआधी तिनं मला थांबवलं.

"वहीत लिवनार का?"

"नाही."

"त्ये तुजं साहेब इचारलं तर?"

"तरी नाही."

"सिद्धरामाची आन घे."

मी घेतली. आमच्या घरी शपथा घेण्याची पद्धत नव्हती, माझ्या शिक्षणात तर ती अडाणीपणाची खूण होती. चिखलाच्या हातांनी गळ्याला हात लावून मी शपथ घेतली, आणि गौरव्वानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं गेलो. चौकट मी नेली नाही, तरी कंडक्टरनं विचारलंच, खिडकी कुठं ठेवली. गौरव्वानं त्याला सांगितलं की बसली एकदाची, आता दार बसवायचंय.

शांतव्वाच्या गावचं तळं लहान होतं, आपल्या हॉल आणि स्वयंपाकघराएवढं. पाणी निवळ. त्यात नीरगड्डी दाट उभी होती, उशिरा फुललेली, तुऱ्यांवर मधमाश्या. मी काठावर बसले. मोजायची इतकी सवय लागली होती की डोळे आपोआप एक, दोन, तीन करायला लागले. मी ते मुद्दाम दुसरीकडे वळवले.

ऑफिसात येऊन रजिस्टर उघडलं. सातव्या तळ्याच्या ओळीत गावाचं नाव लिहिलं, पाण्याची खोली लिहिली, लव्हाळा लिहिला, शेवाळ लिहिलं. नीरगड्डीच्या रकान्यात लिहिलं: आढळली नाही. शाळेत असताना बाकावर पडलेली दुसऱ्याची पेन्सिल मी वर्गशिक्षिकेकडे जमा करायची. आयुष्यात मी केलेली ती एकच खोटी नोंद, आणि तिचं अक्षर बाकीच्या नोंदींपेक्षा सुंदर आलं आहे.

मार्गशीर्षात वेळ अमावस्येला गौरव्वानं शेतावर जेवायला बोलावलं. ज्वारी छातीपर्यंत आली होती, पूजेला पाच पांडवांची कडब्याची खोप केली होती, आंबिलीचं मडकं, कडक भाकरी, भज्जीचं भलं मोठं पातेलं. शांतव्वा माहेरी आली होती. भज्जीतल्या तुरीच्या आणि वाटाण्याच्या दाण्यांमध्ये काहीतरी पिठूळ, गोडसर दाताखाली आलं. शिंगाड्यासारखं. मी गौरव्वाकडे पाहिलं. तिनं आणखी एक पळी वाढली आणि म्हणाली, गप खा.

दोन वर्षांनी पाहणीचा अहवाल छापून आला. नीरगड्डीला त्यात अर्धं पान होतं. एकाच तळ्यात नोंद, नंतर आढळली नाही, जिल्ह्यातून नष्ट झाली असावी. कारणं दोन: गुरांची चराई आणि स्थानिक लोकांकडून होणारी कंदांची खणती. खाली बारीक टायपात माझे आभार, अचूक नकाशाबद्दल.

तो अहवाल माझ्याकडे आहे. दर दोन-तीन वर्षांनी मी ते पान उघडते आणि दर वेळी मला तितकाच राग येतो. म्हणजे तीन म्हशींनी आणि पेराएवढा कंद टाचेनं दाबणाऱ्या बायकांनी ते झाड संपवलं. जीपनं आलेल्यांनी नाही, परीक्षेच्या वह्यांनी नाही, माझ्या टिंबांनी नाही. पुढच्या लोकांनी तेच वाक्य उचललं, त्यांच्या पुढच्यांनी त्यांचं. छापलेलं आहे ना, मग खरंच असणार. ज्यांची नावं कुठेच नाहीत त्यांच्या माथी सगळं गेलं.

मी पत्र लिहून हे खोडलं का? नाही. लिहिलं तर दुसऱ्या तळ्याबद्दल बोलावं लागेल, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होते. तेही खरं नाही. त्याबद्दल अवाक्षर न काढता लिहिता आलं असतं. माझं लग्न ठरलं होतं, पुढे शाळेत नोकरी करायची होती, आणि अनुभवाचं प्रमाणपत्र साहेबांच्या सहीचं यायचं होतं. ते आलं. फार चांगलं आलं. म्हणून माझा निम्मा राग माझ्यावर आहे आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

तर अर्जुन, फोटो ठेव, तो सुंदर आहे. जागेचे आकडे काढून टाक. हे पत्र वाचून झाल्यावर नाही, इथेच थांबून काढ. तुझ्यावर कुणी हसेल, शास्त्राला जागा लागते म्हणेल. लागते, मलाही शिकवलंय. ज्याला खरंच राखायचं आहे तो तुला येऊन विचारेल, आणि तू त्याच्या तोंडाकडे बघून ठरव. त्याआधी त्या दलदलीशेजारी कोण राहतं ते शोध. ते त्या फुलाला काय म्हणतात विचार. रेवा, तू त्याच्या मागे लाग, तुला ते छान जमतं.

गौरव्वा जाऊन तीसहून अधिक वर्षं झाली. माळावर प्लॉट पडलेत, तळ्याच्या जागी आता आखलेले रस्ते आहेत, आणि हस्तात त्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचलं की तिथले लोक नगरपालिकेला शिव्या देतात. शांतव्वाची मुलगी रेणुका आता पन्नाशीची आहे. त्यांच्या गावच्या तळ्यावर कधी कुणी जीप घेऊन आलं नाही, कारण कागदोपत्री तिथे काही नाही. गेल्या सोमवारी तिचा फोन आला होता, तळं भरलंय आणि तुरे वर आलेत म्हणाली.

पहिल्या तळ्यात नीरगड्डी पुन्हा उगवली नाही. दुसऱ्या तळ्यात आहे.